किंकाळीच्या मालकिणीला भेटायला सोलापुरात

नंदाचं स्वरयंत्र सोमवारी काढायचं ठरलं, हे कळलं आणि मी शुक्रवारी पहाटेच स्वारगेटहून एसटी धरली. रस्ता उत्तम आहे, पाच तास धरा. वाटेतल्या थांब्यावरचा चहा मात्र टाळा.

नंदा म्हणजे महानंदा, माझी कॉलेजातली मैत्रीण. तीन जुन्या गुप्तहेरपटांची ती मराठी मालिका ज्यांनी पाहिली, त्यांनी हिचा आवाज ऐकलाय. तिन्ही चित्रपटांतली किंकाळी हिचीच. नायिकेला ओरडता येईना, म्हणून शूटिंग बघायला उभ्या असलेल्या हिला पुढे ढकललं. पडद्यावर नाव कुठेच नाही.

दारातच तिने विचारलं, "आवाज बघायला आलीस, का मला?" घोगरा, फाटलेला आवाज.

"जेवायला आले," मी म्हटलं.

कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. (चटणी घरी न्यायची तर कुटलेलीच मागा, दळलेली नको.) उन्हं उतरल्यावर रिक्षाने बंद गिरणीमागच्या गल्लीत गेलो. चित्रपटात हे महाबळेश्वर आहे! भर मे महिन्यात ओला पाला पेटवून धुकं केलं होतं. गुप्तहेर रेनकोटात घामाने निथळायचा आणि दोन शॉटच्या मधे पाय बादलीत बुडवून बसायचा.

"दुसऱ्या भागात शेठ मरतो ना," नंदा हसत म्हणाली, "त्यालाबी माझीच किंकाळी लावली. मिशा एवढ्या, अन् आवाज बाईचा! कुणाला कळलंबी न्हाई."

मी मोबाइल काढला. "एकदा ओरड. जपून ठेवते."

"येडी का गं? राहिलाय एवढासा, तो ओरडण्यात घालवू व्हय? ठेव ते आत."

ठेवला. मग रविवार रात्रीपर्यंत ती बोलत राहिली. सुनेचं कौतुक, नवऱ्याशी झालेली जुनी भांडणं, आमच्या मेसचं आमटी नावाचं पाणी. मधेच काही कारण नसताना "कुसुम" म्हणायची. मी दर वेळी "काय गं?" म्हणत होते.

ऑपरेशन नीट झालं. तिला घरी आणल्यावर मी पुण्याला परतले.

आता रोज संध्याकाळी तिची सून तिच्या कानाला फोन लावते. आयुष्यभर मी मोजकं बोलले, बडबडीचं काम तिचं होतं. आता मीच सांगते, भाजी काय केली, शेजारीण कशावरून रुसली. बोलता बोलता थांबले, की ती पलीकडून फोनवर नख वाजवते. म्हणजे, पुढे बोल.