रविवारी झाडलेलं अंगण

लुवेनिया प्रुइटने रविवारी खराटा हातात घेतला, तिथेच चूक झाली. पण त्या वेळी तिला अंगणातल्या पावलांखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं.

पावलं परक्या माणसाची होती. निमुळत्या टोकाचे शहरी बूट, रस्त्यापासून पडवीपर्यंत आणि पडवीपासून परत रस्त्यापर्यंत. दक्षिणेतल्या टॅलोबा काउंटीत, म्हणजे त्या जिल्ह्यात, कापसाच्या शेतांमागे काळ्या लोकांची वस्ती होती, आणि त्या वस्तीत असले बूट कुणाकडेच नव्हते. इथल्या अंगणांत गवताची काडी ठेवत नसत, कारण गवतात साप बसतो. शनिवारी डॉगवूडच्या फांद्यांच्या खराट्याने अंगण थाळीसारखं गुळगुळीत करायचं, आणि रविवारी खराट्याला हात लावायचा नाही. घरातून नुकतंच प्रेत उचललं असेल तरच रविवारी अंगण झाडायचं.

वस्ती चर्चमध्ये असतानाच तो वॉशिंग्टनचा माणूस आला होता. हॅलोरन नावाचा गोरा, तरुण सरकारी वकील. टोपी काढून म्हणाला, "मिसेस प्रुइट, येऊ का?" गोऱ्या माणसाच्या तोंडून 'मिसेस' तिने आजवर ऐकलं नव्हतं.

त्याला हवं होतं ते सोपं होतं. मतदार म्हणून नाव नोंदवायला ती कोर्टाच्या इमारतीत दोनदा गेली होती. नोंदणी अधिकाऱ्याने राज्यघटनेतला एक उतारा पुढ्यात टाकला, त्याचा अर्थ लिहायला लावला आणि दोन्ही वेळा नापास केलं. चर्चमध्ये पोरांना वर्षानुवर्षं बायबल शिकवणारी बाई नापास. रांगेत तिच्या पुढे लाकूडकटाईच्या कामावरचा एक गोरा पोरगा होता. त्याला अधिकाऱ्याने उताराच दिला नाही. नाव विचारलं, सही घेतली, जा म्हटलं. हे तिने हातभर अंतरावरून पाहिलं होतं.

"खटला ॲटर्नी जनरलनी भरलाय," हॅलोरन म्हणाला. "देशाचा सगळ्यांत वरचा सरकारी वकील या काउंटीच्या अधिकाऱ्याविरुद्ध उभा आहे. पण त्या टेबलापाशी तो नव्हता. तुम्ही होता. बुधवारी न्यायाधीशासमोर एवढंच सांगायचं."

"साहेब, मी सांगितल्यावर ते ॲटर्नी जनरल माझ्या दारात राखण करायला बसणार का?"

"नाही," तो म्हणाला. "पहारा देता येत नाही आम्हाला. पण साक्ष दिली म्हणून तुम्हाला कुणी त्रास दिला, तर त्याच्याविरुद्ध आम्ही पुन्हा कोर्टात जाऊ. तसा कायदा आहे."

"म्हणजे त्रास दिल्यावर."

"हो. दिल्यावर."

खोटं बोलला नाही, म्हणून तिने त्याला ताक दिलं. साक्षीचं मात्र नक्की काही सांगितलं नाही. गाडी गेली आणि अंगणात त्याचे बूट उमटलेले राहिले. चर्च सुटायची वेळ झाली होती. तिने खराटा उचलला.

झाडायचं कसं हे तिला कुणी सांगायला नको होतं. खराटा जमिनीलगत, जोर मनगटाचा. खांद्याने झाडणारा लवकर दमतो आणि धूळ जिथल्या तिथे राहते. रस्त्याकडून सुरुवात करायची आणि उलटं चालत पडवीवर यायचं, म्हणजे आपलं पाऊलही मागे उरत नाही. त्या दिवशीही काम चोख झालं. जरा जास्तच चोख.

पहिली आली शेजारची अर्झेला, चर्चची टोपी डोक्यावर, हातात पंखा. अंगणाशी थबकली.

"अगं लुवेनिया! कोण मेलं?"

"कुणी नाही."

"मग रविवारी झाडलंस कशाला? चर्चला आली नाहीस ती पोटदुखी म्हणून, आणि इथे खराटा चालवतेस?" तिने अंगणावरून नजर फिरवली आणि आवाज खाली आणला. "कोण आलं होतं गं?"

अंगण पुसलेल्या पाटीसारखं उघडं पडलं होतं. इथे काहीतरी होतं आणि ते मी लपवलं, असं ते रस्त्यावरच्या प्रत्येकाला सांगत होतं. पावलं तशीच राहिली असती तर विमेवाला येऊन गेला म्हणता आलं असतं.

"जा घरी, अर्झेला," ती म्हणाली.

दुपारी शेरीफच्या हाताखालच्या डेप्युटी स्पर्लॉकची गाडी वस्तीतून रांगत आली आणि लुवेनियाच्या दाराशी थांबली. अर्झेला आपल्या कुंपणाशी उभी होती. स्पर्लॉक गोरा होता, पण अर्झेलाच्या आईने त्याच्या घरी दाई म्हणून राबून त्याला लहानाचं मोठं केलं होतं. वस्तीच्या चालीरीती त्याला ठाऊक होत्या.

"काय गं लुवेनिया, रविवारी झाडू? सुतक आहे का?"

"नाही साहेब. पानं फार पडली होती."

"पानं." तो हसला, गाडीतून उतरला आणि ताज्या अंगणात मधोमध येऊन उभा राहिला. "पानांना हल्ली चाकं फुटलीत म्हणे. रस्त्यावर बाहेरगावच्या टायरच्या खुणा आहेत, त्या झाडायच्या राहिल्या तुझ्या." त्याने पडवीचा खांब थोपटला. "घर मिस्टर हार्कींचं आहे ना हे? चांगलं घर आहे. तुझा नवरा रूफस इथेच गेला. बुधवारी तूही इथेच असशील, कपडे धूत. काय?"

"हो साहेब."

तो गेला. मग ती पडवीवरून उतरली. त्याचा उजवा बूट अंगणात स्पष्ट उमटला होता, टाच बाहेरच्या अंगाला झिजलेली. तिने धुण्याचा एक जुना टब ओढत आणला आणि त्या ठशावर उपडा घातला. कशासाठी, ते तेव्हा तिलाही सांगता आलं नसतं.

सोमवारी आणि मंगळवारी तिने गोऱ्यांच्या चादरी उकळल्या, पिळल्या, वाळत घातल्या. कुत्रं भुंकलं की हातातला पिळा सुटे. मंगळवारी अर्झेला कुंपणाशी आली.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "वॉशिंग्टन लांब आहे. स्पर्लॉक जवळ आहे."

"त्याला कळलंय गं. माझ्याच खराट्याने कळवलं त्याला."

"म्हणून तर म्हणते, गप्प बस. विसरेल तो."

"तो विसरणारा आहे का? त्याला तुझ्या आईने वाढवलंय." अर्झेला हसली नाही. लुवेनियाने चादर झटकली. "हे बघ. गेले तर मारतील. नाही गेले तरी तो स्पर्लॉक येऊन खांब थोपटत राहील, आज ना उद्या हाकलतील. साक्ष देऊन मार खाल्ला तर निदान सांगायला कुणीतरी आहे. न देता खाल्ला तर कुणाला सांगू? तुला?"

"घाबरली नाहीस तू?"

"घाबरलेय की. सकाळचा मक्याचा पाव डुकराला घातला."

बुधवारी सकाळी तिने चर्चचा पोशाख घातला आणि खराटा घेतला. या वेळी सुरुवात पडवीपासून केली. टबाला धक्का न लावता त्याच्याभोवतीनं झाडलं आणि उलटं चालत रस्त्यावर आली. आता अंगणात एकही पाऊल नव्हतं, तिचं स्वतःचंसुद्धा. खराटा अर्झेलाच्या कुंपणाला टेकवून ती चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनच्या गाडीत बसली.

कोर्टात तिचा आवाज इतका बारीक निघाला, की न्यायाधीशाने दोनदा मोठ्याने बोलायला सांगितलं. काउंटीचा वकील तिला नुसतं 'लुवेनिया' म्हणे. हॅलोरन दर वेळी 'मिसेस प्रुइट' म्हणे. नोंदणी अधिकारी समोरच बसला होता, स्पर्लॉक नव्हता. तो इथे नाही, मग कुठे आहे, हे मनातून जाईना. तरी तिने गोऱ्या पोराची सही, उतारा, दोन्ही खेपा, सगळं सांगितलं.

परतीला हॅलोरनची गाडी डीकनच्या मागोमाग आली. घराशी पोचल्यावर ती उतरली आणि रस्त्यावरच थांबली. दोरी कापलेली होती. धुतलेल्या चादरी मातीत तुडवलेल्या होत्या. दारावर आडवी फळी ठोकलेली होती.

डीकन आत धावायला निघाला. लुवेनिया ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज दिवसभरात पहिल्यांदाच निघाला होता.

"पाय ठेवू नका! कुणी पाय ठेवू नका!"

झाडलेल्या मातीत बूट उमटले होते. रस्त्यापासून दोरीपर्यंत, दोरीपासून दारापर्यंत आणि परत. दुसरं एकही पाऊल नव्हतं. तिने हॅलोरनला कडेकडेने टबापाशी नेलं आणि टब उचलला. खाली रविवारचा ठसा तसाच होता. टाच बाहेरच्या अंगाला झिजलेली. दारापाशी होती तशीच.

"हा रविवारचा. डेप्युटी स्पर्लॉकचा. तो इथे उभा राहिला तेव्हा अर्झेला कुंपणाशी होती."

अर्झेला तोंडावर हात ठेवून उभी होती. हॅलोरनने तिच्याकडे पाहिलं. मग अर्झेलाने मान हलवली. हो.

हॅलोरनने कॅमेरा आणला, गुडघ्यांवर बसून फोटो काढले, ठशाशेजारी पट्टी ठेवून पुन्हा काढले. उठला तेव्हा त्याच्या पँटला माती लागली होती.

"उद्या सकाळी याच न्यायाधीशापुढे जातो," तो म्हणाला. "ॲटर्नी जनरलच्या नावाने. स्पर्लॉकविरुद्ध आणि घरमालक हार्कींविरुद्धही."

"उद्या," लुवेनिया म्हणाली. "आणि आज?"

"आज माझ्याकडे," अर्झेला म्हणाली. "चल. खराटा माझ्याकडेच आहे तुझा."

लुवेनिया लगेच हलली नाही. ढग आले होते. तिने टब पुन्हा त्या ठशावर उपडा घातला, दाराजवळच्या ठशावर एक टोपली पालथी घातली, टोपलीवर दगड ठेवला. मग रस्त्याकडे पाहत, गाडीचा आवाज येतो का ते ऐकत, ती शेजारच्या पडवीवर जाऊन बसली.