आधी आपांचा फोन

आपांचा फोन इतक्या भरभर बोलायचा की मला वाटलं, तो बिघडलाय. त्यांना मात्र त्यातलं अक्षर न् अक्षर कळायचं. आपा जन्मापासून अंध; स्क्रीनवरचं सगळं फोन त्यांना वाचून दाखवायचा. उमरग्याला शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या. नोकरीसाठी मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेले, तेव्हा त्यांनी गाव विचारायच्या आधी माझ्या फोनच्या सिक्युरिटी पॅचची, म्हणजे शेवटच्या सुरक्षा-अपडेटची, तारीख विचारली. ती निघाली जुनीपुराणी. आपांनी कपाळाला हात लावला.

अपडेटसोबत सॉफ्टवेअरचं आकडे-अक्षरांचं लांबलचक नाव येतं, ते आपण बघतो आणि सोडून देतो. आपांना फोन ते अक्षर-अक्षर ऐकवायचा, म्हणून त्यांनी ते चाल बसवावी तसं बसवलं होतं. त्यांच्या कंपनीच्या फोनात शेवटच्या खुणेआधीचं अक्षर महिन्याचं, त्याच्या आधीचं वर्षाचं. त्याआधी कुठंतरी एस किंवा यू: एस म्हणजे फक्त सुरक्षेचं अपडेट, यू म्हणजे सगळ्या फोनचं. "एस आलं की नुसतं कुलूप बदलतंय," त्या सांगायच्या, "यू आलं की घरातल्या भिंतीबी हलत्यात. मग आमाला दार पुन्हा चाचपावं लागतंय." मी ऐकतच राहायचे. डोळे असून मी ते नाव कधी वाचलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मग अपडेट घेऊच नका की, असं मी एकदा म्हणाले. त्यावर चांगलं लांबलचक ऐकावं लागलं. बँक फोनात, औषधांच्या वेळा फोनात, आणि कुलूप जुनं ठेवायचं म्हणजे चोराला चहाला बोलावणंच. घ्यायचं तर होतंच, फक्त कुणी आधी घ्यायचं हा प्रश्न होता. कळंबपासून तेरखेड्यापर्यंत त्यांचे अंध मित्र आणि जुने विद्यार्थी एका ग्रुपवर होते. तिथला रिवाज ठरलेला: अपडेट आलं की आधी आपा घेणार, दिवसभर फोन वापरून बघणार आणि संध्याकाळी आवाजी निरोप टाकणार, "बोलतोय. घ्या." तोवर कुणी बोट लावायचं नाही.

एका यूनंतर फोन सुरू झाला तो मुका. आपांनी मला खाली बोलावलं. स्क्रीन उजळलेली होती, सगळी बटणं जागेवर होती, आवाज तेवढा नव्हता. मी सेटिंग्ज धुंडाळल्या, उपयोग झाला नाही. त्यांनी सगळ्यात आधी माझ्या फोनवरून ग्रुपला थांबायला सांगितलं. मग यूच्या पुढचा आकडा विचारला. तो वाढला होता. आम्ही फोन मोबाईलच्या दुकानात नेला. दुकानदार जुनं सॉफ्टवेअर परत टाकून देतो म्हणाला, तर आपा त्याला शांतपणे म्हणाल्या, "आकडा वाढला, आता मागं जाता येत न्हाय. फोन पार मरंल." पुढचा पॅच येईपर्यंत आपा त्या मुक्या फोनासोबत राहिल्या. भाचीला फोन लावायचा तरी मला हाक मारायच्या. एवढी स्वाभिमानी बाई. मला त्या हाका ऐकवत नसत.

पॅच आला, मी तो बघून-बघून चढवला आणि फोन पूर्वीसारखा भरभर बोलू लागला. आपा हसल्या, डोळे पुसले. थोड्याच दिवसांत पुन्हा यू आलं. या वेळी दुसऱ्या कुणाला तरी आधी घेऊ द्या, असं मी काकुळतीला येऊन म्हणाले.

"माझा फोन मुका झाला तर वर तुमी हायसा," आपा म्हणाल्या. "ग्रुपातली कळंबची पोर एकटी ऱ्हाती, तिच्या वर कोण हाय?"

आणि त्यांनी बटण दाबलं. इतकं धाडस मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही.

पुढं माझी बदली झाली. आपांच्या वर आता कुणी राहत नाही. जाण्याआधी मी त्यांच्याच कंपनीचा, अगदी तसाच फोन घेतला. अपडेट आलं की आधी मी घेते. बोलणारी सोय चालू करते, डोळे मिटते आणि दिवसभर चाचपडत तो वापरते. संध्याकाळी उमरग्याला फोन लावते. माझ्या आधी घेतलं कशाला म्हणून आपा रागावतात. त्यांचं रागावून होऊ देते आणि मग सांगते, "बोलतोय, आपा. घ्या."