न्हाणीचं दार

“खाली निज गो, तोंड जमिनीक लाव,” मधली ओरडत होती.

“निजू नको, वर चढ, हौदावर चढ,” थोरली ओरडत होती.

आत धाकटी खोकत होती आणि न्हाणीचं दार उघडत नव्हतं. मी दाराला खांदा लावून उभी होते. फटीतून जो वास येत होता तो नाकापेक्षा डोळ्यांनाच आधी लागत होता. वर पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की, एकमेकींच्या कानाशी बोललो तरी ऐकू येत नव्हतं. तेवढ्यात खोकल्याच्या मध्ये धाकटीचा आवाज आला.

“कोणाचा आयकू मी?”

या तिघी नर्सिंग कॉलेजच्या मुली. माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहत. नावं मी लिहीत नाही, तिघींनाही माणसांत राहायचं आहे. थोरली ख्रिश्चन, तिची आई शाळेत शिकवायची, त्यामुळे इंग्रजी तिला घरचंच. मधली आचऱ्याची, घरी होडी आणि जाळी, हातात पुरुषाचं बळ. धाकटी दोडामार्गची, तिच्या बापाची डोंगरउतारावर रबराची थोडी झाडं. तिघी एकाच वर्गात होत्या. थोरली, मधली, धाकटी हे मी आपलं वयावरून म्हणायची.

माझं घर मालवणहून आचऱ्याला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, माडांमध्ये आहे. नवरा गेला, मुलगे गोव्यात. माझे गुडघे असे की पावसाळ्यात मी गडग्याच्या, आवाराच्या दगडी बांधाच्या, बाहेर पडत नाही. वाटेला शेवाळ असतं, पडले तर उचलायला कोणी नाही. म्हणजे मृग ते नवरात्र मी आणि घर. मुली ठेवल्या त्या काही माया म्हणून नाही. घरात माणसाचा आवाज हवा होता आणि विहिरीचं पाणी काढायला कोणी तरी हवं होतं.

धाकटी केमिस्ट्रीत नापास झाली होती. नर्सला केमिस्ट्री कशाला लागते ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण पहिल्या वर्षाला तो पेपर होता आणि तो सुटल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. पुन्हा पेपर द्यायचा होता, तोही भर पावसाळ्यात. बापाने सांगून ठेवलं होतं, या खेपेला नाही झालं तर घरी यायचं. घरी स्थळ बघून ठेवलेलं होतं. मुलगा बरा होता असं ती स्वतःच म्हणायची. तिला मुलगा नको होता असं नाही, तिला नर्स व्हायचं होतं.

थोरली आणि मधली त्या विषयात पास झाल्या होत्या. पुन्हा पुस्तक उघडायची त्यांना गरज नव्हती, तरी उघडलं. त्यांनी एक पद्धत काढली होती. दिवसभराचा धडा धाकटीने जेवणाआधी मला समजावून सांगायचा. पुस्तकातले शब्द वापरायचे नाहीत, मालवणीतच सांगायचं. मला कळलं तर ताटं वाढायची.

“आजीक समाजला तर परीक्षकाक समाजतलाच,” मधली म्हणायची.

मी चौथी शिकलेली. खोटी मान हलवायची मला सवय नाही, त्यामुळे पेज पुष्कळदा निवून जायची. एकदा आंबट आणि खारट यांचं काही चाललं होतं. आमसूल म्हणजे ॲसिड, चुलीतली राखाडी म्हणजे त्याच्या उलट, दोन्ही एकत्र केली तर एकमेकांना मारतात, असं धाकटी सांगत होती.

मी म्हटलं, “मगे सोलकढयेत राखाडी घालू काय?”

“घाल,” थोरली म्हणाली, “आणि परीक्षापण तूच दी.”

मालवणीत धाकटी छान सांगायची. हात हलवून, चुलीतलं, परसातलं उदाहरण देऊन. इंग्रजीत लिहायला बसली की पेन थांबायचं. मग तिघी त्याच एका वाक्यावर बसायच्या. थोरली वाक्य मोडून द्यायची, मधली ते दहादा म्हणून घ्यायची, धाकटी लिहायची आणि खोडायची. बाहेर पाऊस, आत ओल्या कपड्यांची दोरी, कोंदट खोली, एकच पंखा आणि लाईट गेली की तोही बंद. एक दिवस धाकटी माझ्याबरोबर चुलीपाशी बसली होती. म्हणाली, “आजी, हय पास जावक नाय तर थंय लगीन. खंयच वाट नाय.”

मी म्हटलं, “माका तरी खंय होती?” ते खरंच होतं, म्हणून म्हटलं. तिला त्याने बरं वाटलं नाही. ती उठून पुस्तक घेऊन आत गेली.

आता त्या दुपारचं सांगते. कॉलेजला सुट्टी होती. माझी न्हाणी घराच्या मागे वेगळी बांधलेली आहे, चिऱ्याची, वर पत्रा. आत पाण्याचा कमरेइतका हौद आणि त्याच्या वर भिंतीत गज लावलेला झरोका. पावसात तिथल्या लादीवर शेवाळ धरतं. मधली सकाळी तिथे घसरली. आचऱ्याला त्यांच्या घरी मासळीचा वास आणि शेवाळ जायला टीसीएल टाकतात. टीसीएल म्हणजे विहिरीत टाकायची ती पांढरी ब्लीचिंग पावडर. मधलीने ती लादीवर भरपूर टाकली, वर थोडं पाणी मारलं आणि मुरायला ठेवून आली.

न्हाणी घासायची पाळी धाकटीची होती. रबराच्या झाडाचा चीक थिजवायला त्यात ॲसिड घालतात, दुधात विरजण घालावं तसं. ते ॲसिड दोडामार्गला तिच्या घरी असायचंच आणि त्यानेच तिची आई लादीवरचे लाल डाग काढायची. आमच्या पाण्याचेही लाल डाग पडतात म्हणून मागच्या खेपेला तिने घरून एक बाटली आणली होती. दोघींनी आपल्या घरी जे होतं तेच केलं. दोडामार्गला टीसीएल नव्हतं आणि आचऱ्याला ॲसिड नव्हतं. माझ्या न्हाणीत दोन्ही आलं.

पाऊस आत मारत होता म्हणून तिने दार लोटलं. शिवाय घासताना ती धडा मोठ्याने म्हणायची आणि चुकलं तर थोरलीला ऐकू जाऊ नये असं तिला वाटायचं. ते दार फणसाचं, पावसात फुगतं. बाहेरून ढकलणाऱ्याने जोर लावला तर तिरकं होऊन चौकटीत अधिकच बसतं. आतल्या माणसाने कडी धरून वर उचलून ओढावं लागतं. एरवी ती रोज ते करायची. त्या दिवशी खोकल्याने तिच्या हातात बळ राहिलं नाही.

मधली म्हणत होती तेही कॉलेजात शिकवलेलंच होतं. आग लागली, धूर झाला तर खाली वाकायचं, जमिनीलगत हवा चांगली असते. धाकटीने ते ऐकलं आणि दाराखालच्या फटीला तोंड लावलं. मला तिची बोटं दिसली. थोरली दाराशी गुडघ्यावर बसली आणि फटीशी वाकून एकेक शब्द सुटा करत बोलली.

“काय ओतलंस तू?”

“बाबांचा ॲसिड.”

“कशावर?”

ओल्या लादीवर पावडर दिसेनाशी झाली होती, ती तिथे होती हे धाकटीला माहीतच नव्हतं. मधलीला माहीत होतं. तिचा चेहरा मी पाहिला. ती म्हणाली, “टीसीएल. मी टाकलंय सकाळी.”

“मगे ह्यो धूर न्हय,” थोरली म्हणाली. “क्लोरीन आसा. तो जड, खाली बसता. उठ गो. फटीकडे रवू नको. ओढणी हौदात भिजय, नाकाक लाव आणि हौदाच्या काठावर चढ. झरोक्याक तोंड लाव.”

“माका दिसना नाय.”

“दिसूक नको. भिंत धर नि चढ.”

“खाली बरा वाटता.”

“खाली बरा वाटता आणि खालीच मरतलंस. धडो कोणी सांगितलेलो आजीक? जड वायू खंयचो, हलको खंयचो? तूच सांगितलंस मां?”

आत काही वेळ नुसता खोकला. फटीतली बोटं दिसेनाशी झाली. मला वाटलं, पडली. मी काही देवाला हाक मारली नाही, मी पहार आणायला गेले. माडाच्या आळ्याशी ती पडलेली होती, चिखलातून ओढत आणली. गुडघ्यांचं मला तेव्हा काही आठवत नाही.

परत आले तेव्हा थोरली मागच्या बाजूला चिऱ्यांच्या राशीवर उभी होती. झरोक्याच्या गजांतून हात आत घालून तिने धाकटीचे केस धरले होते. केसच हाताला लागले म्हणून केस. ती ओरडत होती, “हय बघ, भायर श्वास घे, वारो हयसून येता.” समुद्राकडचा वारा होता, पाऊस घेऊन थेट झरोक्यातून आत जात होता. धाकटीचं तोंड गजांना चिकटलं होतं, ओठ निळसर, डोळे मिटलेले. ओकत होती आणि श्वास घेत होती.

मधलीने माझ्या हातातून पहार घेतली. दार ढकललं नाही. बिजागरीत पहार घातली आणि उचकटली, वरची आधी, मग खालची. दार तिरकं होऊन आत पडलं आणि तो वास आमच्या अंगावर आला.

“श्वास धरून जा,” थोरली पलीकडून ओरडली.

मधली गेली आणि धाकटीला खांद्यावर टाकून आली, पण हौदावरून धाकटीला उतरवताना मधलीने धरलेला श्वास सुटला. अंगणात दोघी पालथ्या पडल्या. थोरलीने दोघींच्या डोळ्यांवर विहिरीचं पाणी ओतलं, कळशीमागून कळशी, आणि अंगावरचे कपडे तिथेच काढायला लावले. न्हाणीच्या कोपऱ्यात टोपलीखाली मी खुडूक कोंबडी बसवली होती. ती अंड्यांवरच मेलेली सापडली. न्हाणीत सगळ्यांत खाली तीच होती.

वाटेत माड पडला होता म्हणून ॲम्ब्युलन्स अलीकडे येईना. नाक्यावरचा रिक्षावाला परसांतून गाडी काढत आला. मी मागे राहिले, रिक्षात जागा नव्हती. त्या संध्याकाळी फोन येईपर्यंत मी पडवीत बसून होते. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. न्हाणीला दार नव्हतं, वाट चिखलाची होती आणि मला कुठे जाता येत नव्हतं.

दोघींना दवाखान्यात ठेवून घेतलं. माझा मुलगा गोव्याहून आला तेव्हा त्याच्या गाडीतून मी बघायला गेले. धाकटीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि थोरली तिच्या उशाशी पुस्तक उघडून बसली होती.

“आता सांग,” ती विचारत होती, “ॲसिड आणि टीसीएल एकत्र इल्यार काय जाता?”

धाकटीने मास्क वर केला. “माणूस दवाखान्यात जाता,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

“इंग्लिशमध्ये सांग.”

शेजारच्या खाटेवरून मधली म्हणाली, “ह्या प्रश्नाक मार्क माका व्हये. अर्धा काम माझा.” कोणी हसलं नाही. तीही हसली नाही.

धाकटीचा बाप त्याच दिवशी आला. दारात उभा राहून म्हणाला, “पुरे झाला. चल चेडवा, घराक.” धाकटीने मान हलवली, नाही म्हणून. थोरली म्हणाली, “काका, पेपरापर्यंत ठेवा.” मधलीला तेवढा धीर नव्हता. “घराक न्हेवन थंयसर परत ॲसिडच देतालात मां हातात?” तो दारातून मागे फिरला. मग बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. निघताना मला त्याने एवढंच विचारलं की, उरलेली बाटली कुठे आहे. रबरासाठी हवी होती. ती माझ्या घरून घेऊन गेला आणि मुलीला ठेवून गेला.

पेपर धाकटीने दिला. डोळे लाल होते, आवाज बसलेला होता, पण लिहायला आवाज लागत नाही. काठावर पास झाली. घरी बघून ठेवलेलं स्थळ दुसरीकडे गेलं.

न्हाणीला मी परत दार लावलं नाही. गोणपाटाचा पडदा आहे.

त्या दिवशी आत धाकटी होती, ती जगली. तिला आणायला गेलेली मधली जगली, पावसात तिला अजून खोकला येतो. थोरलीला काही झालं नव्हतं. मलाही नाही.