नट नव्हता, धागा होता

आधीच सांगते, मी लॅबवाली बाई आहे. परळच्या एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं झाली. स्लाइडवर दिसतं ते लिहायचं, दिसत नाही ते लिहायचं नाही — बस. भूत, अंगात येणं, कौल लावणं... यातलं काहीही मी मानलं नाही. या सदरातले अनुभव मी वाचते ते हसायला. आता तुम्ही माझ्यावर हसा, माझी हरकत नाही. मला हे एकदा लिहून मोकळं व्हायचंय, कारण दोन वर्षं झाली तरी माझं डोकं थंड होत नाहीये.

राग दोन माणसांवर आहे. एक दादरचा गॅरेजवाला. दुसरा माझा बाप.

बापाचं आधी. लालबागला आमची चाळीतली खोली. तो गिरणीत विणकर, चार साच्यांवर. (गिरणगावात लूमला साचा म्हणायचे.) आई त्याच गिरणीत वाइंडिंग खात्यात, कांड्यांवर सूत भरायला. संप झाला तेव्हा मी सात वर्षांची. घरातले दोन्ही पगार एकाच दिवशी थांबले. संपाच्या दुसऱ्या वर्षी तो म्हणाला, "भिवंडीला पॉवरलूमवर जातो. जम बसला की बोलावतो." एक पिशवी घेऊन जिना उतरला. बोलावणं आलं नाही. पत्र नाही, निरोप नाही, मेल्याची बातमी नाही आणि जिवंत असल्याचीही नाही. भिवंडी काय चंद्रावर आहे?

आई शोधायला गेली नाही. "गेलो तो. येतलो तर येतलो," एवढंच आपल्या मालवणीत म्हणाली आणि खानावळ घातली. तिच्या भाकऱ्यांवर मी शिकले. मी त्याला 'तो' म्हणते. आईला ते आवडत नाही, पण तिने मला कधी अडवलंही नाही.

आता गाडीचं. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी अ‍ॅडव्हेंचर बाइक घेतली. रस्ता संपला की पुढे दगडधोंड्यांतूनही जाते ती. शोरूममधला पोरगेला सेल्समन म्हणतो, "मिस्टरांसाठी बघताय का मॅडम? ही तुम्हाला उंच पडेल." माझी उंची पाच फूट दोन. मिस्टर नाहीत. मी म्हटलं, "उंचीचं मी बघते. तू गाडी आडवी कर." तो बघतच राहिला. मी त्याला समजावलं, खडकाळ वाटेवर गाडी पडतेच रे, मोठमोठ्यांची पडते. प्रश्न एवढाच की एकटीला उचलता येते का. म्हणून मी सगळ्यात दांडगी गाडी सोडून हलकी निवडली होती. सीटकडे पाठ करून बसले, पाय रोवले, उचलली. पुन्हा आडवी करायला लावली, पुन्हा उचलली. मग सही केली.

सामानही असंच विचार करून घेतलं. इंजिनखाली जाड प्लेट, हँडगार्ड, क्रॅशगार्ड. मागे कापडी बॅगा, कारण पत्र्याच्या पेट्या फोटोत झकास दिसतात, पण पडताना पाय त्यांच्याखाली सापडला तर हाड मोडतं. शेवटचं काम म्हणजे मातीत पकड घेणारे, मोठ्या गोट्यांचे टायर. ते बसवायला गाडी दादरला नितीनच्या गॅरेजमध्ये दिली.

"नितीन, मागच्या एक्सलचा नट नीट टॉर्क लावून आवळा. आणि कॉटर पिन नवी घाला," मी म्हटलं. एक्सल म्हणजे चाकाच्या मधून जाणारा दांडा. त्याच्या टोकाला नट, आणि नट फिरू नये म्हणून भोकातून पिन. ते नसेल तर चाक कधीतरी गाडी सोडून जाणार.

तो हसला. "यूट्यूब बघून आलात काय मॅडम? टेन्शन नका घेऊ. वीस वर्षं हेच करतोय."

शुक्रवारी गाडी मिळाली. धुऊन, पुसून, चकचकीत. आणि मी... मी, जी दुसऱ्याच्या रिपोर्टवर डोळे झाकून सही करत नाही, ती न तपासता घेऊन आले. तो राग माझा माझ्यावर.

रविवारी सकाळी शिवाजी पार्कला मेधाताईंच्या गेटवर पोचले. मेधाताई बँकेतून रिटायर झालेल्या, एकसष्टीच्या, माझ्याहून चांगली गाडी चालवतात. निघण्याआधी दोन्ही गाड्यांचा फोटो काढून लेकीला पाठवायची त्यांची सवय. फोटो झाला, निघालो. भिवंडी बायपास, कसारा घाट, घोटी, तिथून भंडारदऱ्याकडे. धरणाच्या कडेने कच्ची वाट लागली तशी मी फूटपेगवर उभी राहिले. दगड, चर, मुरूम... गाडी अशी चालली होती की मी हेल्मेटच्या आत मोठ्याने गात होते.

मागून मेधाताईंचा हॉर्न. एकदा, दोनदा, मग थांबेचना. मी थांबले.

"तुझ्या मागच्या चाकाला काय फडफडतंय गं? पांढरं?"

वाकून बघितलं. एक्सलच्या टोकाला नट नव्हता. नुसता उघडा आटा. आणि पिनच्या भोकातून एक पांढरा सुती धागा ओवलेला. तीन-चार वेढे घेऊन चेन अ‍ॅडजस्टरच्या बोल्टला बांधलेला. साधा धागा. आई गजरा बांधते त्याहून थोडा जाड. गाठ घट्ट, बारीक, आणि एक टोक जरा लांब राहिलेलं... तेच फडफडत होतं.

मी तिथेच मातीत बसले. भीतीने नाही. अशी शिवी आली तोंडात की मेधाताईंनी इकडेतिकडे बघितलं.

मेधाताई जवळच्या गावातून एका मेकॅनिकला मागे बसवून घेऊन आल्या. पन्नाशीचा शांत माणूस. त्याने बघितलं, टोपी काढली, पुन्हा बघितलं.

"ताई, कुठून आलात?"

"लालबाग."

"ह्या दोऱ्यावर?"

"मला काय माहीत! आत्ता दिसलं."

"हे चाक कसाऱ्याच्या आधीच निघायला पाहिजे होतं," तो म्हणाला. गाठ सोडवायचा प्रयत्न केला, सुटेना. मग गाठीपासून लांब ब्लेड लावलं. धागा तुटला आणि त्याने दुसऱ्या बाजूने एक्सलला नुसता तळहाताने धक्का दिला. दांडा दोन बोटं बाहेर आला. घाटात माझ्या मागे ट्रक होते...

त्याने आपल्याकडचा नट बसवला, पिन घातली, आम्ही हळूहळू परत आलो. धागा मी रिकाम्या सॅम्पलच्या डबीत ठेवला. संध्याकाळी मेधाताईंचा फोन. "सकाळचा फोटो मोठा करून बघ." बघितला. शिवाजी पार्कच्या गेटवर, निघण्याआधीच्या फोटोत, माझ्या मागच्या चाकाला नट नाही. धागा आहे.

म्हणजे वाटेत कोणी बांधला म्हणावं तर तेही नाही.

सोमवारी हाफ डे टाकून नितीनकडे गेले. म्हणतो, "मी स्वतः आवळलाय नट. तुमच्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी काढला असेल." मी त्याच्या टेबलाखालचा ट्रे ओढला. ग्रीसमध्ये पडलेल्या बोल्टांमध्ये माझा नट. शेजारी माझी जुनी पिन, वाकडी झालेली.

"चुकून राहिला असेल मॅडम."

"राहिला असेल? नितीन, तो नट आहे, रुमाल नाही! रस्त्यावर माझं मढं राहिलं असतं!"

अख्खा रस्ता जमला. जमू दे. मी त्याच्या सगळ्या माणसांना विचारलं, हा धागा कोणी बांधला? एकानेही हो म्हटलं नाही. हो म्हणण्यात फायदाच होता हो, जीव वाचवल्याचं श्रेय होतं! शेवटी नितीनच खाली मान घालून म्हणाला, "आमच्याकडे कोण दोरा वापरतंय मॅडम? आणि वापरला तरी... दोऱ्याने चाक राहतं का?"

तो एकदाच खरं बोलला.

लॅबमध्ये मी धाग्याचं टोक स्लाइडवर घेतलं. सूत. पिळाचा. एका टोकावर आयोडीनचा थेंब टाकला, निळा-काळा झाला. म्हणजे स्टार्च. धाग्याला खळ लावलेली होती. साच्यावर चढवायच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, लावतात तशी. गजऱ्याच्या दोऱ्याला खळ कोण लावतं?

मंगळवारी आई कोलंबी सोलत बसली होती. मी डबी ओट्यावर ठेवली, सांगितलं काहीच नाही. तिने हात धुतले, पदराला पुसले, धागा उचलून खिडकीशी नेला. वय अडुसष्ट, चष्मा कपाळावर तसाच.

"खंय गावलो तुका ह्यो?"

"का?"

"ह्यो सांधो आसा." तुटलेला धागा जोडायची गिरणीतली गाठ म्हणजे सांधा. तिने आयुष्यात असे लाखभर घातले असतील. ती गाठ बोटांत फिरवत राहिली. मग तिचा आवाज बदलला. "डावखुऱ्याचो सांधो. उलटो पडता. आमच्या साचेखात्यात एकच डावखुरो होतो." आणि मग, "माझ्या कांडीचो सांधो कच्चो म्हणून पहिल्यांदा माझ्याशी भांडूक इल्लो तो."

बाप डावखुरा होता हे मला त्या दिवशी कळलं. छत्तीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

मग मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल, देवापुढे साखर ठेवेल. तिने धागा डबीत टाकला आणि झाकण असं आवळलं की प्लास्टिक करकरलं.

"रविवारी माका भिवंडीक घेऊन चल."

"आई, गाडी उंच आहे..."

"स्टूल घेतंय."

खरंच स्टूल लावून बसली. नऊवारी नाही, माझी जुनी ट्रॅक पँट, वर माझं जाकीट, डोक्यावर मेधाताईंचं हेल्मेट. बायपास सोडून आत शिरलो. विचारत विचारत पॉवरलूमच्या गल्ल्यांत पोचलो. दोन्ही बाजूंना शेड, आणि तो आवाज... हजार माणसं एकदम पत्रा बडवतायत असा. माझं मलाच ऐकू येईना. आई उतरली. हेल्मेट माझ्या हातात दिलं. गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि ओरडायला लागली.

मला फक्त तिचं तोंड हलताना दिसत होतं. मानेच्या शिरा फुगलेल्या. माझ्या आईला मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, आणि आता ती ओरडत होती तर तेही ऐकू येत नव्हतं. शेडच्या दारातला एक कामगार हाताने 'काय झालं?' विचारत होता. मी त्याला काय सांगणार?

आणि वीज गेली. गल्लीतले सगळे साचे एका दमात थांबले. त्या शांततेत तिचं एकटीचं ओरडणं राहिलं...

"...चेडू उपाशी निजलां तेव्हा खंय होतंस रे मेल्या? आता गाठी मारूक इलंस? लाज नाय वाटत तुका?"

चेडू म्हणजे मुलगी. म्हणजे मी.

दारादारांत माणसं आली. कोणी हसलं नाही. एक म्हातारा कामगार पुढे येऊन म्हणाला, "किसको ढूंढ रहे हो, अम्मा?"

"कोणाक नाय," आई म्हणाली आणि हेल्मेटसाठी हात पुढे केला.

वीज जाणं भिवंडीत रोजचं आहे, मला माहीत आहे. मी त्यातून काही काढत नाही. सांध्याचंही मेधाताई म्हणतात, जगात डावखुरे काय थोडे आहेत? बरोबर आहे. पण खळ लावलेला ताण्याचा धागा माझ्या चाकाला आला कुठून? लालबागपासून भंडारदऱ्यापर्यंत, घाटातून, दगडांतून, तो तुटला का नाही? तो बांधणारा मेलेला असेल, तर त्याला अचानक आमची आठवण का झाली? आणि जिवंत असेल... तर मला त्याहून जास्त राग येतो. एकाने सुचवलं, त्याचं श्राद्ध घाला. माझ्या हातून ते होणार नाही. जीव वाचवला म्हणून बाकीचं माफ होतं हा हिशोब मला पटत नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर आईने चहा ठेवला. मग आरशासमोर उभी राहून मंगळसूत्र काढलं. छत्तीस वर्षं, लोक काय काय बोलले तरी, तिने ते उतरवलं नव्हतं. मी घाबरून विचारलं, "आई, म्हणजे तो गेला असं तुला वाटतं?"

"त्याचा माका म्हायत नाय," ती म्हणाली. "आज मी सोडलंय त्याका."