नोटीस कुणाला दिली?

गुरुवारी दुपारी नव्या कंपनीचा मेल आला. दोनच ओळी होत्या. राजीनाम्याची प्रत पाठवावी. तिच्यावर सध्याच्या कंपनीचा पोचशिक्का आणि तारीख असावी.

प्रत माझ्याकडे होती. तारीखही होती, सहा आठवड्यांपूर्वीची. शिक्का नव्हता. खाली सही होती ती दोह्याच्या उत्तरेकडच्या रास लफानच्या प्रकल्पातल्या माझ्या विभागप्रमुखाची. प्रत पुन्हा वाचताना पहिल्यांदाच लक्षात आलं, की ज्याच्या नावाने पत्र लिहिलं तो माझा मालक नव्हता.

ही चूक बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल. रास लफानला काम करणाऱ्या पुष्कळ लोकांना दोन कंपन्या असतात. एक, जिच्या आवारात ते काम करतात. दुसरी, त्यांना तिथे पुरवणारी. व्हिसा, करार आणि राहण्याची खोली या दुसऱ्या कंपनीच्या नावावर असते. तिला सगळे नुसतं ‘सप्लाय’ म्हणतात. चार वर्षांत मी सप्लायच्या ऑफिसात तीनदा गेलो होतो. आलो तेव्हा मेडिकलसाठी, एकदा कराराचं नूतनीकरण करायला आणि एकदा आयडी हरवला म्हणून. साइटवर मात्र माझं टेबल होतं. मेलचा पत्ता साइटवरच्या कंपनीचा, हेल्मेटवरचं चिन्ह तिचं, सुट्टी मागायची तिच्या विभागप्रमुखाकडे. बोलताना ‘आमची कंपनी’ म्हणायचो तेही तिलाच. राजीनाम्याची वेळ आली तेव्हा सवयीने पाय त्याच केबिनकडे वळले. विभागप्रमुख इजिप्तचा होता. त्याने पत्र वाचलं, दोन्ही प्रतींवर सही केली, हात मिळवला आणि म्हणाला, “खलास, माय फ्रेंड. टू मंथ्स.” मी एक प्रत घेऊन जागेवर आलो आणि कॅलेंडरवर दोन महिने मोजले.

माझं काम डॉक्युमेंट कंट्रोलचं. कुठलं ड्रॉइंग कुणी कुणाला पाठवलं, ते पोचलं का, पोच कुठे आहे, हे दिवसभर बघायचं. पोच नसेल तर कागद गेलाच नाही असं धरायचं, असं मी नव्या लोकांना सांगत असे.

प्रश्न पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेचा होता. त्या दिवशी नव्या कंपनीत रुजू व्हायचं होतं. ती नोकरी थेट त्यांचीच होती, मध्ये कुणी नव्हतं, आणि तिच्यावर कुटुंबाचा व्हिसा मिळत होता. सप्लायच्या व्हिसावर मला तो मिळत नव्हता. पहिल्या तारखेला आला नाहीत तर यादीतला दुसरा माणूस घेऊ, हे त्यांनी मुलाखतीतच स्पष्ट केलं होतं. बायको आणि मुलगी संगमनेरला होत्या. मुलीची सहावीची परीक्षा संपताच बायकोने शाळा सोडल्याचा दाखला काढला होता, कारण परदेशातल्या शाळेसाठी त्याच्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची सही लागते आणि त्या सहीला बरेच दिवस लागतात. संगमनेरच्या शाळेत जागेसाठी नेहमी रांग असते. मुलीची रिकामी झालेली जागा सोमवारी दुसऱ्या कुणाला तरी देणार होते.

नोकरीला दोन वर्षं उलटली की इथे नोटीस दोन महिन्यांची. ती विभागप्रमुखाच्या सहीपासून मोजली तर पहिल्या तारखेच्या तीन दिवस आधी संपत होती. सप्लायला आज कळलं असं धरलं, तर आजपासून दोन महिने.

संध्याकाळी बरवा अल बराहा या कामगार वसाहतीतल्या खोलीवर पोचलो तेव्हा शेजारच्या पलंगावरचा सोबती शर्टाला इस्त्री करत होता. तो सांगलीकडचा, वयाने माझ्याएवढाच. कामगारांची बस चालवतो. त्याला मी झालेलं सांगितलं.

“नोटीस कुनाला दिली म्हनतोस?”

“विभागप्रमुखाला.”

“आन् सप्लायला?”

“नाही दिली.”

त्याने इस्त्री उभी करून ठेवली. “काय सांगतोस! लगीन एकीसंगं आन् सोडचिठ्ठी शेजारनीला व्हय?”

“हसू नकोस.”

“हसू नको तर काय करू? आरं, दिवसभर दुसऱ्याचं कागद तपासतोस. हितं आल्यापास्नं मला पोच-पोच शिकवतोस. माज्या पावत्या फायलीला लावायला लावल्यास. आन् सोताचा कागद कुनाच्या दारात टाकून आलास?”

“मला वाटलं, ते पुढे कळवतील.”

“वाटलं! दाखव बरं.” त्याने प्रत हातात घेतली. इंग्रजी त्याला सावकाश वाचता येतं. “ह्यो सायेब तुजा पगार देतो?”

“नाही.”

“व्हिसा?”

“नाही.”

“मग त्यानं सोडलं काय आन् धरलं काय, सारखंच की.”

त्याच्या बसमधल्या एका वेल्डरने असंच केलं होतं, असं तो म्हणाला. त्याचं पुढे काय झालं, ते मी विचारलं.

“काय व्हनार? ऱ्हायला आनखी दोन म्हैने. तवर त्येची नवी कंपनी गेली.” मग माझ्याकडे बघून तो म्हणाला, “तुजं तसंच हुईल असं न्हाई. परवा शनवारी ऑफिस उघडं असतंय दुपारपातुर. जा. इन्शाल्ला हुईल कायतरी.”

शुक्रवारी सप्लायचं ऑफिस बंद. त्या दिवशी समैस्माच्या किनाऱ्यावर जायचं आधीच ठरलं होतं, ते मोडलं नाही. सोबत्याने ओळखीच्या माणसाची गाडी आणली. ओहोटी होती. पाणी लांबवर गुडघ्याएवढंच होतं आणि त्यात लहान मुलं उभी होती. आम्ही वाळूवर चटई टाकून बसलो. तो पाण्यात गेला तेव्हा मी घरी फोन लावला.

“अहो, आवाज असा का येतोय?” बायकोने विचारलं.

“समुद्रावर आहे. वारा आहे इथे.”

“वाऱ्याचा आवाज मला कळतो. तुमचा कसा आहे ते विचारते.”

“एक कागद अडलाय, नोटिशीचा. उद्या कळेल.”

मागे मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

“पहिली तारीख हलणार का?”

“उद्या सांगतो.”

“बरं.” एवढंच म्हणाली आणि फोन मुलीकडे दिला. दोह्याच्या शाळेत मराठी नसणार म्हणजे एक विषय कमी, याचा तिला आनंद होता. ती दहा मिनिटं बोलत होती. मी ऐकत होतो.

शनिवारी आठ वाजता मी सप्लायच्या ऑफिसात होतो. इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजच्या वर, पहिल्या मजल्यावर. माझ्या आधी चार जण होते, सगळे पासपोर्टच्या कामाला आलेले. कर्मचाऱ्यांच्या फायली सांभाळणाऱ्या बाई केरळच्या. आमचं बोलणं हिंदीत झालं. सांगायचं ते मी रात्री कागदावर क्रमाने लिहून आणलं होतं. पत्र कधी दिलं, कुणाला दिलं, सही कुणाची आहे. त्यांनी तो कागद वाचलाच नाही. नाव विचारलं, कपाटातून फाइल काढली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली.

सगळ्यात वर माझंच पत्र होतं. त्याच्यावर सप्लायचा निळा शिक्का होता आणि तारीख विभागप्रमुखाच्या सहीच्या दुसऱ्या दिवसाची.

मी विचारलं, हे तुमच्याकडे कसं?

“कसं म्हणजे? साइटवरून आलं. तुमच्या साहेबांनी लगेच मेल केला. हा माणूस जातोय, बदली माणूस द्या म्हणून. सोबत तुमचं पत्र.”

“पण पत्र तुमच्या नावाने नाही.”

“नाही. चुकीच्याच नावाने आहे.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “पण सही तुमची आहे ना? आणि आम्हाला मिळालं, हे शिक्काच सांगतोय. नाही मिळालं असं मी म्हणायचं, तर गेला महिनाभर मी बदली माणूस कुणाच्या जागी शोधतेय? त्याचा व्हिसा झालाय. बुधवारी तो तुमच्या खुर्चीत बसेल. त्याला काम शिकवायला तुम्ही हवे आहात, एवढंच.”

“मला कुणी कळवलं नाही.”

“तुम्ही तरी कुठे विचारलंत? मला वाटलं, शिकलेला माणूस आहे, माहीत असेल.”

दोन दिवसांत हे मला दुसऱ्यांदा ऐकवलं गेलं होतं. या वेळी राग आला नाही. मी न विचारता समोरच्या खुर्चीवर बसलो.

त्यांनी माझ्याकडून एक नवं पत्र लिहून घेतलं, सप्लायच्या नावाने, त्या शनिवारच्या तारखेचं. त्यात लिहिलं की राजीनाम्याचं मूळ पत्र आपल्याला अमुक दिवशी साइटमार्फत मिळालं असून नोटीस त्या दिवसापासून धरावी. त्याखाली त्यांच्या मॅनेजरने मान्य असल्याची सही केली. फाइलमधल्या शिक्का असलेल्या पत्राची झेरॉक्स काढून ती माझ्या हातात दिली. मी तारीख तपासली. नोटीस माझ्या हिशेबापेक्षा एक दिवस उशिरा संपत होती. पहिल्या तारखेला दोन दिवस उरत होते.

“अजून काही?” त्यांनी विचारलं.

“शुक्रन, मॅडम.”

“पुढच्या कंपनीत आधी बघून घ्या, मालक कोण ते.” बाजूच्या रांगेतला एक जण हसला. बहुतेक त्याला हिंदी येत होती.

जिन्यात उभं राहून मी दोन्ही कागदांचे फोटो काढले आणि नव्या कंपनीला पाठवले. पाच मिनिटांत उत्तर आलं. मिळाले, ठीक आहे, पहिल्या तारखेला सकाळी सात वाजता या. ते दोनदा वाचलं. सोबत्याला मेसेज केला. त्याने नुसतं ‘खलास’ असं लिहिलं आणि पुढे हसणारे तीन चेहरे टाकले. मग घरी फोन लावला. तिकडे साडेअकरा वाजून गेले होते.

“झालं,” मी म्हटलं. “शिक्का होता. त्यांच्याकडे आधीच होता. तारीख हलत नाही.”

बायकोने मोठा श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

“अहो, मी सकाळी शाळेत जाऊन आले,” ती म्हणाली.

“कशाला?”

“तुम्ही काल काही सांगेनात. म्हटलं, आपण आपलं बघावं. मोठ्या बाईंना विचारलं, दाखला परत घ्याल का म्हणून. त्या म्हणाल्या, सोमवारपर्यंत जागा कुणाला देत नाही, पण सोमवारी दहाच्या आत सांगा.”

“मला बोलली नाहीस.”

“तुम्ही बोललात?”

मी जिना उतरू लागलो.

“वर्गशिक्षिकेच्या भाचीला हवी आहे ती जागा,” ती म्हणाली. “बाहेर बाकावर बसली होती आईबरोबर. मला बघून दोघी उठून उभ्या राहिल्या. मला कसंतरीच झालं.” तिकडे चपला शोधल्याचा, दाराची कडी काढल्याचा आवाज आला. “सोमवारपर्यंत कशाला ताटकळत ठेवायचं त्यांना? शाळा बाराला बंद होते. ठेवा फोन, मी सांगून येते.”