मावशीच्या नावाचं सभागृह

सलोमी मावशी गेल्याचं मला आमच्या चर्चच्या मंडळीच्या सेक्रेटरींनी कळवलं. ही माझ्या आईची धाकटी बहीण. कुडव्याला एकटीच राहायची. सकाळी उठलीच नाही, असं ते फोनवर म्हणाले आणि त्याच दमात पुढचंही बोलून मोकळे झाले, "साहेबांनाही सांगितलंय बरं का. ते हार घेऊन येणार आहेत." साहेब म्हणजे आमच्या भागातून जिल्हा परिषदेवर निवडून आलेले पुढारी. माझे डोळे अजून भरूनही आले नव्हते आणि हा माणूस मला हाराचं सांगत होता. तेव्हा जो राग आला तो आज दीड महिना झाला तरी उतरलेला नाही. मावशीबद्दल गोड बोलणारे आता पुष्कळ झालेत. मला तेवढं जमणार नाही.

मावशी अर्जुनी मोरगावला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. निवडणूक आली की ड्युटी लागायची, आणि दरवेळी हिच्या वाट्याला बोटाला शाई लावायचं काम. निवृत्त होऊन कुडव्याला आली तरी मतदानाचा दिवस तिनं कधी साधा जाऊ दिला नाही. पहाटे प्रार्थना करायची, धुतलेलं पातळ नेसायची आणि मत देईपर्यंत तोंडात काही घालायची नाही. बूथबाहेर पक्षांच्या टेबलांवर चहा-पोहे वाटत असत, तिकडे ही ढुंकूनही बघायची नाही. पुढच्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला ती ओंजळ पुढे करी, तेव्हा डाव्या हाताच्या बोटावरची शाई अगदी वर दिसायची. मला ते कसंसंच वाटे. एकदा म्हटलं, "मावशी, लिंबू लावून काढ ना ते." तर म्हणाली, "राहू दे. काय करून आली मी, देवालेबी दिसू दे." तिचा पक्ष कोणता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आमच्या दफनभूमीला कुंपण नव्हतं. गुरं सरळ कबरींवरून फिरायची. माझ्या काकांच्या, म्हणजे मावशीच्या नवऱ्याच्या कबरीवरचा सिमेंटचा क्रूस एका म्हशीनं पाडला, तेव्हा त्याचा तुकडा मावशीनं पदरात घालून घरी आणला होता. गेल्या निवडणुकीआधी साहेबांनी भिंत बांधून द्यायचा शब्द दिला आणि मंडळीच्या कमिटीनं त्या बदल्यात सगळ्यांची मतं परस्पर कबूल करून टाकली. त्याच आठवड्यात साहेबांसाठी काम करणाऱ्या पोरांनी बाजारात रहीमभाईंची बांगड्यांची गाडी उलटवली आणि तुमच्या लोकांनी इथं धंदा करायचा नाही, असं बजावलं. रहीमभाई मावशीच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. घडलेलं साऱ्या कुडव्याला ठाऊक होतं... कमिटीलाही होतं.

त्या रविवारी प्रवचन संपल्यावर एकजुटीनं मत द्यायची सूचना झाली. नंतर देश चालवणाऱ्यांसाठी प्रार्थना असते, ती मावशी करायची. ती उभी राहिली आणि प्रार्थनेआधीच बोलली, "भिंत मलेबी पाहिजे. माझाच माणूस निजला आहे तिथं. पण मेलेल्याईसाठी भिंत घेऊ आन् जित्या शेजाऱ्याले उघड्यावर सोडू का? माझं मत त्याले नाही."

सेक्रेटरी म्हणाले, "बाई, त्यांचं ते पाहतील. आपण आपलं पाहायचं."

"मंग इथं कायले येऊन राहिलो आपण दर रविवारी?"

मग तिनं नेहमीची प्रार्थना केली. साहेब निवडून आले, भिंत झाली आणि मावशीची तब्येत बरी नसते असं कारण काढून कमिटीनं तिच्याकडून ती प्रार्थना काढून घेतली. तब्येत ठणठणीत होती! कमिटीतल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. ती मात्र आपल्या बाकावर, समोरच्या बाकाची पाठ धरून, हळू आवाजात साहेबांचं नाव घेऊन प्रार्थना करतच राहिली. मला तिचाही राग यायचा. "काऊन करतेस त्या माणसासाठी?" असं एकदा चिडून विचारलं, तर म्हणाली, "मत माझं होतं. कारभार सगळ्याईचा आहे. त्याले अक्कल मागून राहिली, दुसरं काय."

तिला नेलं ते त्याच भिंतीच्या फाटकातून. फाटकावर संगमरवरात साहेबांचं नाव आहे. त्यांचा हार पेटीपेक्षा मोठा होता. रहीमभाईंनी मूठभर माती टाकली आणि ते कोपऱ्यात जाऊन रडले. जी माणसं तिच्याशी नीट बोलत नव्हती, ती तिला मंडळीचा आधारस्तंभ म्हणाली. हेही मी गिळलं. पण दोन रविवारांनी सेक्रेटरींनी जाहीर केलं की साहेब मावशीच्या नावानं सभागृह बांधून देणार आहेत, फक्त येत्या निवडणुकीत आपण त्यांना विसरायचं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जिनं आपलं एक मत विकलं नाही, तिचं नाव हे लोक विकायला निघाले होते.

मी मावशीच्या बाकावर बसले होते. प्रार्थनेची वेळ झाली तशी मी कोणाला न विचारता उभी राहिले, समोरच्या बाकाची पाठ धरली. मावशी साहेबांना नुसती अक्कल मागायची. माझ्यात तेवढी माया नाही. मी त्यांचं नाव घेतलं, अक्कल मागितली, आणि मग रहीमभाईंची गाडी, रस्त्यावर फुटलेल्या बांगड्या, आमच्या कमिटीचं गप्प बसणं, सगळं देवाला मोठ्यानं सांगितलं. शेवटी म्हटलं, "बापा, माझ्या मावशीचं नाव त्यांच्या कुठल्याही भिंतीवर लागू देऊ नकोस."

आमेन कोणी म्हणालं नाही. मीच म्हटलं.

सभागृहाचं काय होईल, मला माहीत नाही. मतदान पुढच्या महिन्यात आहे. त्यानंतरच्या रविवारी मी त्याच बाकावरून उठून भाकरीसाठी ओंजळ पुढे करीन, आणि बोटावरची शाई घासणार नाही. सेक्रेटरी शेजारीच द्राक्षरसाच्या प्याल्यांचं तबक घेऊन उभे असतात. त्यांनी खुशाल बघावी. देवानंही बघावी.