आत्याबाईंच्या मागे चार गाड्या

आम्हा आगऱ्यांत हळद लग्नापेक्षा मोठी. लग्नाला उशिरा पोचलात तर कोणी विचारत नाही. हळदीला आला नाहीत तर पुढची कित्येक वर्षं कारणं देत फिरावं लागतं. अशा हळदीत, आणि तेही स्वतःच्या, माझ्या भाचीने रोबो आणायचे ठरवले. मामा या नात्याने मी तिला अडवावं, अशी घरच्यांची अपेक्षा होती. मी तर आधीच नवा सदरा शिवायला टाकला होता.

भाची इंजिनियर. अंबरनाथच्या एमआयडीसीत माझा लेथचा गाळा आहे, त्याच्या एका कोपऱ्यात तिचा संसार. चौरंगाला चाकं लावल्यासारख्या पाच बुटक्या गाड्या, आणि त्यांनी एकमेकींचं अंतर राखून, रांग न मोडता चालावं हा तिचा ध्यास. कारखान्यात माल वाहायला असा ताफा लागतो, असं ती सांगायची. मी मान हलवायचो. मला त्या गाड्या बदकिणीच्या मागे चालणाऱ्या पिल्लांसारख्या दिसायच्या आणि तेवढं मला पुरेसं होतं.

लग्न ठरलं बदलापूरकडच्या एका गावात. मुलगा भला, घर भलं, आणि घरामागे एक रिकामा गोठा. भाचीचा डोळा गोठ्यावर. लग्नानंतर रोज माझ्या गाळ्यात येणं जमणार नव्हतं. गोठा मिळाला तर काम चालू राहणार, नाहीतर गाड्या माळ्यावर. मुलाची ना नव्हती. पण त्या घरात शेवटचा शब्द त्याच्या आत्याचा. आत्याबाईंनी गाड्यांबद्दल ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, “हळदीला बघीन.” नवऱ्याची उष्टी हळद घेऊन त्याच आमच्या मांडवात येणार होत्या.

म्हणून हा घाट. बेत असा: पुढच्या गाडीवर नारळ, तिचा रिमोट माझ्या हातात. मागे व्ही आकारात चार गाड्या, प्रत्येकीवर दिवा लावलेलं ताट. मांडवाच्या दारापासून नवरीच्या पाटापर्यंत ताफा शिस्तीत येणार. मागच्या चौघींना रिमोट नाही. त्यांचा कॅमेरा पुढच्या गाडीवरच्या काठीला लावलेला रंगीत चेंडू शोधतो, सेन्सर अंतर मोजतो, आणि चेंडू जिकडे तिकडे त्या.

चेंडू आणायला आम्ही उल्हासनगरला गेलो. दुकानदार सिंधी, बोलण्यात साखर. कुठला रंग घ्यावा यावर भाची विचार करत होती. गाळ्यात सगळं काळं, राखाडी आणि ग्रीसचं. तिथे पिवळं काहीच नाही, म्हणजे पिवळा सगळ्यात उठून दिसणार, असा तिचा हिशोब. दुकानदारानेही दुजोरा दिला, “शादी का काम है ना साईं, तो पीला ही लो.” आम्ही दोघं खूश होऊन पिवळा चेंडू घेऊन आलो. गाळ्यात चाचण्या झाल्या. गाड्या अशा चालल्या की मला सलामी घ्यावीशी वाटली.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या आलं नाही.

हळदीच्या दिवशी दुपार कलल्यावर बेंजोवाल्यांनी सूर लावला, धवळे गाणाऱ्या बाईंनी पहिलं गाणं धरलं, भाची पाटावर बसली आणि तिला घरची पहिली हळद लागली. एकदा हळद लागली की नवरीने पाटावरून उठायचं नाही. मी दारात रिमोट घेऊन, एखादं विमान उतरवणार असल्याच्या थाटात. नारळाची गाडी निघाली, मागून चार दिवे हलले. लोकांनी मोबाईल काढले.

नेमक्या त्याच वेळी पाहुणे आले. नवऱ्याकडच्या बायका, साऱ्या एका रंगाच्या साड्यांत. हल्ली हळदीला रंग कुठला असतो हे सांगायला नको. त्यांच्या पुढे आत्याबाई, अंगाने भक्कम, नवऱ्याची हळद खेळून आलेल्या, कपाळापासून कोपरापर्यंत माखलेल्या, हातात उष्ट्या हळदीची वाटी. घाईने त्या नारळाची गाडी आणि मागच्या चौघी यांच्या मधून आडव्या गेल्या.

चारही गाड्यांनी एकदम मान वळवली, असंच मला दिसलं. एवढं पिवळं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

माझी नारळाची गाडी एकटीच पाटाकडे निघाली आणि ताफा आत्याबाईंच्या मागे. त्या पाण्याच्या पिंपाकडे वळल्या, चार दिवे पिंपाकडे वळले. त्या थांबल्या, दिवे थांबले. त्या दोन पावलं मागे सरल्या, तशा गाड्याही अदबीने मागे सरल्या. निवडून आल्यावरही नगरसेवकाच्या मागे इतकं शिस्तीत कोणी चालत नाही.

“काय गो बाय,” आत्याबाई पाटाकडे बघून म्हणाल्या, “ही माझ्या मागं कशाला येतान?”

मांडव हसला. आत्याबाई हसल्या नाहीत. धवळेवाल्या बाई कडव्याच्या मधेच थांबल्या. भाचीचा चेहरा हळदीखालीही पांढरा पडलेला मला दिसला. तिला त्या क्षणी गोठ्याच्या दाराला कुलूप लागताना दिसत असणार. मी गाड्या बंद करायला धावलो. पण बटण ताटाखाली, ताटात पेटलेला दिवा, आणि मांडवातल्या म्हाताऱ्या एकजात ओरडल्या की हळदीचा दिवा विझवशील तर बघ.

तेव्हा पाटावरून भाचीचा आवाज आला. “मामा, नारळ थांबवा. आत्या, आता पुढची गाडी तुम्ही.”

“मना काय समजतंय त्यातलं?”

“समजायला नको. हळू चाला. वळताना मोठा वळसा घ्या. मागे बघू नका.”

आत्याबाईंनी वाटी छातीशी धरली आणि त्या निघाल्या. खुर्च्यांच्या रांगांत वाट अरुंद होती, तिथे गाड्या ताट घासून उलटणार म्हणून मी डोळे मिटले. उघडले तेव्हा चौघी एकीमागे एक झाल्या होत्या, आणि वाट मोकळी होताच पुन्हा दोन्ही बाजूंना पसरून त्यांनी व्ही धरला. हे भाचीने त्यांना शिकवलेलं होतं. गाळ्यात मी रोज बघत होतो, पण दिव्यांसकट पहिल्यांदाच पाहिलं. बेंजोसुद्धा गप्प झाला.

एवढी शांतता आत्याबाईंना सोसवली नाही. त्यांनी मागे वळून बघितलं. मग पाटापाशी पोचूनही त्या थांबल्या नाहीत. मांडवाला आणखी एक फेरा मारला, मग बेंजोवाल्यांना हातानेच वाजवायची खूण करून तिसरा, या वेळी चांगल्या ठुमकत. गाड्या ठुमकल्या नाहीत, पण रांग सोडली नाही. शेवटी एका दिव्यातलं तेल संपत आलं म्हणून भाचीने हात जोडले, तेव्हा कुठे त्या पाटापाशी टेकल्या.

उष्टी हळद भाचीच्या दोन्ही गालांना लावताना त्या माझ्याकडे वळल्या. “मामा, आमच्या घरात इतकी वर्षं मी पुढं चालतंय. मागं कोन इतका सरळ आला नाय.” मग भाचीची हनुवटी धरून म्हणाल्या, “गोठा मी झाडून ठेवतंय. पन ह्यांना दुसरा रंग दाखव गो. आमच्याकडं वरसाला लई हळदी असतान.”

चेंडू आता निळा आहे. आत्याबाईंनी मात्र मागच्या महिन्यात निळी साडी घेतली, आणि संध्याकाळी त्या कारण नसताना गोठ्यावरून जातात.